खुनाच्या खटल्यात मनोविकलतेचा बचाव: अटकेच्या दिवसापासून अपिलापर्यंत

पहिल्या भेटीत आरोपीचा भाऊ किंवा आई प्लास्टिकच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर मांडते आणि म्हणते, "वकीलसाहेब, डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या. अख्ख्या गावाला ठाऊक आहे." फौजदारी वकिली नव्यानं सुरू केलेल्या माणसाला हे ऐकून वाटतं की बचाव तयार आहे, आता फक्त कागद दाखल करायचे. असे कितीतरी खटले याच समजुतीनं हातचे गेलेत. अख्ख्या गावाला जे ठाऊक असतं ते कोर्टाला सिद्ध करून द्यावं लागतं, आणि तेही घटनेच्या त्या दहा-पंधरा मिनिटांपुरतं.

हा लेख नव्या वकिलांसाठी आहे आणि ज्यांच्या घरात असं अघटित घडलंय त्या नातेवाइकांसाठीही. खरं तर नातेवाइकांसाठी जास्त, कारण या बचावाचा निम्म्याहून अधिक पुरावा त्यांच्याच कपाटात पडलेला असतो.

पहिली पायरी: कलम शब्दशः वाचा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम २२ हेच या बचावाचं कलम. त्याआधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं कलम ८४ लागतं. दोन्हींचा गाभा एकच आहे. कृत्य करताना मनोविकलतेमुळे ज्याला आपण काय करतोय याचं स्वरूप कळू शकत नव्हतं, किंवा आपण करतोय ते चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळू शकत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही.

या वाक्यातले तीन तुकडे वहीत वेगळे लिहून घ्या. 'कृत्य करताना', म्हणजे वेळ. 'मनोविकलतेमुळे', म्हणजे कारण. 'कळू शकत नव्हतं', म्हणजे परिणाम. तिन्ही जुळले तरच बचाव उभा राहतो. मनाचा आजार आहे पण त्या वेळी समज शाबूत होती, तर बचाव नाही. समज नव्हती, पण स्वतःहून प्यायलेल्या दारूमुळे, तरीही हा बचाव नाही. नशेची कलमं वेगळी आहेत, न्याय संहितेतली २३ आणि २४. मात्र वर्षानुवर्षांच्या व्यसनातून मेंदूचा आजारच जडला असेल तर तो मुद्दा कलम २२ खाली तपासून पाहावा.

या नियमाचं मूळ इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यात आहे. पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांचा गोळी घालून खून झाला, आरोपी मनोरुग्ण म्हणून सुटला, लोक खवळले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सनं न्यायाधीशांना प्रश्न विचारून उत्तरं घेतली. आपलं १८६० चं कलम त्या उत्तरांच्या छायेत लिहिलं गेलं. म्हणूनच त्यात सगळा भर 'कळण्या'वर आहे. 'कळत होतं, पण स्वतःला आवरता आलं नाही' या अवस्थेला आपल्या कायद्यात जागा नाही. मानसोपचारशास्त्र तेव्हापासून फार पुढे गेलंय, कलम तिथंच थांबलंय. मला ही त्रुटी मोठी वाटते, पण खटला आहे त्या कलमावरच चालवावा लागतो.

इंग्लंडमध्ये १९५७ च्या कायद्यानं एक मधली वाट केली: मानसिक विकारामुळे जबाबदारी कमी झाली असेल तर खून सदोष मनुष्यवधात उतरतो. आपल्याकडे तशी वाट नाही. बचाव पूर्ण मान्य होतो किंवा पूर्ण नाकारला जातो, आणि नाकारला गेला तर खुनाला किमान शिक्षा जन्मठेपेची आहे.

दुसरी पायरी: तीन काळ एकमेकांत मिसळू देऊ नका

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. घटनेच्या वेळची मनःस्थिती हा एक प्रश्न. आज खटल्याला तोंड देण्याची क्षमता हा दुसरा. आणि शिक्षा झाल्यानंतरची मनःस्थिती हा तिसरा. प्रत्येकाचं कलम वेगळं, परिणाम वेगळा.

आरोपी आज इतका आजारी असेल की त्याला आरोप समजत नाहीत, वकिलाला माहिती देता येत नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ ते ३७८ या प्रकरणाकडे जा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कलमं ३२८ ते ३३९ होती. दंडाधिकाऱ्यापुढे चौकशी चालू असताना ३६७, सत्र न्यायालयात खटला चालू असताना ३६८. कोर्ट वैद्यकीय तपासणीसाठी पाठवतं, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवतं, आणि आरोपी बचाव करण्यास अक्षम आहे असं ठरलं तर खटला पुढे ढकलतं.

त्यातलं कलम ३६९ ठळक अक्षरात लिहून ठेवा. अक्षम ठरलेल्या आरोपीला दवाखान्यात दाखल करून ठेवण्याची गरज नसेल, आणि नातेवाईक किंवा स्नेही नियमित उपचारांची आणि तो स्वतःला वा दुसऱ्याला इजा करणार नाही याची हमी देत असेल, तर गुन्हा जामीनपात्र नसला तरी जामिनाची तरतूद त्यात आहे. खुनाच्या खटल्यात ही तरतूद फार कमी वकील वापरतात. ते न जमल्यास नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी त्याला ठेवण्याचा आदेश मागता येतो. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

मात्र आज तो अक्षम आहे एवढ्यावरून घटनेच्या दिवशीही त्याची समज गेलेली होती असं ठरत नाही. आणि उलटही खरं आहे. आठ महिने तुरुंगात गोळ्या घेऊन शांत झालेला माणूस कोर्टात व्यवस्थित बोलतो, म्हणून घटनेच्या वेळी तो शुद्धीत होता असंही नाही. सरकारी वकील हा दुसरा मुद्दा हमखास मांडतात. त्याचं उत्तर तुरुंगाच्या औषधनोंदीत असतं.

तिसरी पायरी: पहिले पंधरा दिवस

या लेखातला एवढाच भाग लक्षात राहिला तरी चालेल.

अटकेनंतर लगेच, पहिल्या रिमांडच्या वेळीच, दंडाधिकाऱ्यांपुढे लेखी अर्ज द्या: आरोपीवर मानसिक आजाराचे उपचार चालू होते, त्याची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि अहवाल रेकॉर्डवर यावा. अटकेनंतरची नेहमीची वैद्यकीय तपासणी अंगावरच्या जखमांपुरती असते. मानसिक तपासणी मागावी लागते. अर्ज नामंजूर झाला तरी तो रेकॉर्डवर राहतो, आणि दहा वर्षांनी उच्च न्यायालयात 'हा बचाव नंतर सुचलेला आहे' असं कुणाला म्हणता येत नाही.

पोलिसांचंही इथं कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयानं (२००७) ८ एससीसी ६६ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निकालसंग्रह) या निकालात स्पष्ट म्हटलंय की तपासात आरोपीच्या जुन्या मनोविकाराची माहिती पुढे आली तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपासी अंमलदाराचं काम आहे. तसं न केल्यास सरकार पक्षाच्या प्रकरणात गंभीर उणीव राहते आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागतो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, (२०१८) ७ एससीसी ७१८ मध्ये, सत्र न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं दोषी धरलेला माणूस सर्वोच्च न्यायालयात सुटला. आरोपीच्या मानसिक स्थितीचा वैद्यकीय पुरावा तपास यंत्रणेनं पुढे आणला नाही, हे तिथं महत्त्वाचं ठरलं. (निकालांची नावं आरोपींच्याच नावांवर असतात. आजारी माणसांची नावं पुन्हा पुन्हा उगाळण्याची मला इच्छा नाही, म्हणून खंड आणि पान देतो. वकिलाला तेवढ्यावरून निकाल सापडतो.)

आता घरच्यांनी काय करायचं. कपाट, ट्रंक, देव्हाऱ्यामागची फाईल, सगळं उपसा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकल स्टोअरची बिलं, गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटं. कामावरून घरी पाठवल्याचं पत्र, आजारपणाच्या रजेचे अर्ज, शाळेतून काढल्याचा दाखला. पूर्वी कधी तो घरातून निघून गेला असेल आणि पोलिसांत मिसिंगची तक्रार दिली असेल तर तिची प्रत. दर्ग्यात, मठात, भगताकडे नेलं असेल तर तेही लपवू नका. आपल्याकडे पुष्कळ घरांत पहिला उपचार तिथंच होतो आणि त्या जागेवरचा माणूस साक्षीदार होऊ शकतो.

दवाखान्यांकडून कागद मागताना उशीर करू नका, जुनी रेकॉर्ड कायम ठेवली जात नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपले मूलभूत वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क आहे. आरोपी कोठडीत असेल तर त्याची सही घेऊन अर्ज करा. दवाखाना देत नसेल तर कोर्टामार्फत मागवा.

आणि तुरुंगात दाखल झाल्या दिवसापासूनची नोंद. दाखल होताना डॉक्टरनं काय लिहिलं, कोणत्या तारखेला कोणती गोळी सुरू झाली, कधी मनोरुग्णालयात पाठवलं. घटनेनंतर चौथ्या दिवशी तुरुंगातल्या डॉक्टरनं मनोविकारावरची गोळी सुरू केली असेल, तर तो कागद दोन वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिलाय.

चौथी पायरी: सिद्ध करण्याचा भार नीट समजून घ्या

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १०८ (जुन्या कायद्यातलं १०५) सांगतं की अपवादाचा फायदा हवा असेल तर ती परिस्थिती आरोपीनं सिद्ध करायची, आणि तोवर कोर्ट ती नाही असंच धरणार. हे वाचून नव्या वकिलाचा धीर सुटतो. सुटू देऊ नका. आरोपीवरचा भार सरकार पक्षाइतका जड नाही. दिवाणी दाव्यात जसं 'असं असण्याची शक्यता अधिक' एवढं दाखवलं की पुरतं, तसंच इथं.

याहून मोलाची गोष्ट १९६४ च्या गुजरातमधल्या प्रकरणात आहे, एआयआर ('ऑल इंडिया रिपोर्टर' हा निकालसंग्रह) १९६४ एससी १५६३. खून हेतुपुरस्सर झाला हे सिद्ध करण्याचा भार पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकार पक्षावरच राहतो, असं न्यायालयानं त्यात सांगितलं. त्यामुळे आरोपीला आपली मनोविकलता पूर्णपणे सिद्ध करता आली नाही, पण त्याच्या पुराव्यानं हेतूबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तरी तो सुटू शकतो. युक्तिवादात हे दोन्ही मुद्दे वेगवेगळे मांडा. 'शक्यता अधिक आहे' हा पहिला, 'तेवढी नसली तरी हेतूबद्दल शंका आहे' हा दुसरा. पुष्कळ वकील दुसरा मुद्दा मांडतच नाहीत.

त्या प्रकरणातला आरोपी मात्र सुटला नाही. बायकोच्या अंगावर ४४ वार होते. पण दाराबाहेर जमलेल्या लोकांना तो म्हणाला होता की मुखी (गावचा मुखिया) आल्यावरच दार उघडीन. न्यायालयाला त्यात समज दिसली. वारांची संख्या, क्रौर्य, रक्तपात यांवरून वेड सिद्ध होत नाही, हे यातून शिकावं.

पाचवी पायरी: घटनेच्या आधी, घटनेच्या वेळी, घटनेनंतर

आजाराचं नाव एवढ्यानं हा बचाव होत नाही. कोर्टं 'वैद्यकीय मनोविकलता' आणि 'कायदेशीर मनोविकलता' असा फरक करतात, आणि हा फरक तुम्हाला प्रत्येक निकालात भेटेल. स्किझोफ्रेनियाचं निदान असलेला माणूसही दिवसातला बराच वेळ व्यवहार समजून वागत असतो. त्या घटकेला त्याची समज गेली होती का, हे थेट दाखवणारा पुरावा जवळजवळ कधीच नसतो, म्हणून कोर्ट आधीच्या, त्या वेळच्या आणि नंतरच्या वागण्यावरून निष्कर्ष काढतं.

माझा सल्ला असा: एक मोठा कागद घ्या आणि तारीखवार तक्ता करा. शेवटची गोळी कधी घेतली. झोप किती दिवस नव्हती. जेवण कधी सोडलं. कुणावर संशय घ्यायला लागला, कानात आवाज येतात असं कुणाला म्हणाला, त्या आठवड्यात कामावर गेला का, पैशांचे व्यवहार केले का. मग घटनेचा तास. मग घटनेनंतर तो कुठे बसला, काय बोलला, हत्यार कुठे होतं, कपडे बदलले का. हा तक्ता भरताना जी माहिती आपल्या विरोधात जाते तीही लिहा. ती सरकारी वकिलाला सापडणारच आहे.

कोर्ट या वागण्याकडे कसं पाहतं हे तीन निकाल शेजारी ठेवले की कळतं.

एआयआर १९६१ एससी ९९८. अपस्माराचा आजार असलेल्या जावयानं झोपलेल्या सासूचं मुंडकं छाटलं. पण तो रात्रीचा गेला, टॉर्च घेऊन गेला, भिंत चढून आत शिरला. सर्वोच्च न्यायालयानं त्याची निर्दोष मुक्तता रद्द केली. लपून जाण्याची तयारी करणाऱ्याला आपण काहीतरी लपवण्याजोगं करतोय हे कळत असतं, असा तिथला विचार.

(१९७३) ४ एससीसी ७९, महाराष्ट्रातलं प्रकरण. बायको आणि मुलीचा खून. हेतू सिद्ध झाला नाही, दार तोडल्यावर आरोपी पळालाही नाही. तरी न्यायालय म्हणालं, केवळ हेतू नसणं आणि न पळणं यावरून वेड ठरत नाही.

आणि (२००२) ७ एससीसी ७४८, हेही महाराष्ट्रातलंच. पोलीस कॉन्स्टेबलनं १९९४ मध्ये बायकोच्या डोक्यात दगडी पाटा घातला. इथंही तो पळाला नव्हता, इथंही हेतू कमकुवत होता: त्याला नोकरीचा राजीनामा द्यायचा होता आणि तिचा विरोध होता, एवढाच. पण इथं सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. फरक कशानं पडला? वडिलांना मानसिक आजार होता. आरोपीवर १९९२ पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. आणि घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा उपचारांसाठी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आधीचा धागा आणि नंतरचा धागा दोन्ही पक्के होते, आणि मधल्या घटकेत भरदिवसा, लपवाछपवी न करता केलेलं कृत्य होतं. १९७३ च्या प्रकरणात एकटं पडलेलं 'पळाला नाही' हे २००२ मध्ये साखळीतली कडी झालं.

नव्या वकिलांनी २००२ चा निकाल पूर्ण वाचावा, निदान दोनदा. त्यातले मुद्दे आपल्या तक्त्याशी ताडून पाहावेत. जुळत नसतील तर अशिलाच्या घरच्यांना खोटी आशा देऊ नये.

सहावी पायरी: साक्षी

कागद दाखल झाला म्हणजे सिद्ध झाला असं नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र सरकारी वकिलानं मान्य केलं नाही तर डॉक्टरला साक्षीला बोलवावंच लागतं, तेव्हाच त्याला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडते. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० खाली कागद मान्य-अमान्य करण्याची नोटीस द्या. अमान्य झाले तर कलम २५६ खाली बचावाचा साक्षीदार म्हणून डॉक्टरच्या नावे समन्स काढा.

डॉक्टरला काय विचारायचं यावर बराच वेळ द्या. 'आरोपी वेडा होता का' असा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. शेवटची तपासणी कधी, लक्षणं कोणती, भास होते का, संशयाचा विषय कोण होता, गोळ्या थांबल्या तर किती दिवसांत लक्षणं उलटतात, अशा अवस्थेत रुग्णाला समोरचा माणूस जसा आहे तसा दिसतो का. डॉक्टरनं घटनेच्या वेळी आरोपीला पाहिलेलं नसतं. तो मत देतो, आणि निर्णय कोर्टाचा असतो. डॉक्टरच्या मतामागची कारणं जितकी तपशीलवार, तितकं त्याचं वजन.

सरकार पक्षाच्या साक्षीदारांकडे मात्र तुमचं अधिक लक्ष हवं. शेजारी, नातेवाईक, पंच, तपासी अंमलदार: उलटतपासणीत यांच्याच तोंडून आजारपण आलं तर ते सर्वांत विश्वासार्ह. 'तो एकटाच बडबडायचा हे खरं आहे का', 'त्याला येरवड्याला नेलं होतं हे तुम्हाला माहीत होतं का', 'आरोपीच्या आईनं तुम्हाला उपचारांचे कागद दाखवले होते का'. पहिल्याच साक्षीदारापासून ही सूचना घाला. सहाव्या साक्षीदाराला अचानक आजारपण विचारलं तर न्यायाधीश मान वर करून बघतात, आणि त्या बघण्यात शंका असते.

एक सावधगिरी. मृत व्यक्ती अनेकदा त्याच घरातली असते: बायको, आई, मूल. जो भाऊ साक्ष देतो त्याचंही कुणीतरी गेलेलं असतं. उलटतपासणीत त्याला खोटारडा ठरवण्याच्या भरात पडू नका. त्याच्याकडून तुम्हाला सत्यच हवंय, आणि ते तो बहुधा मऊ आवाजात विचारल्यावर सांगतो.

बचावाची दिशा एकच ठेवा. 'मी तिथं नव्हतोच' आणि 'मी होतो पण मला कळत नव्हतं' असे दोन्ही बचाव कायद्यानं बंद नाहीत, पण प्रत्यक्षात पहिला दुसऱ्याला खाऊन टाकतो.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली (जुनं ३१३; पुढची कलमंही याच संहितेची) कोर्ट आरोपीला पुराव्याबद्दल विचारतं. तिथं 'खोटं आहे', 'माहीत नाही' एवढंच म्हणून सोडू नका. आजार, उपचार आणि त्या दिवसाचं काहीही आठवत नसेल तर तसं, हे लेखी निवेदनात द्या.

सातवी पायरी: निकाल लागल्यावर

बचाव मान्य झाला तर कलम ३७३ प्रमाणे कोर्टाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं की आरोपीनं ते कृत्य केलं की नाही. केलं पण मनोविकलतेमुळे गुन्हा नाही, असा निष्कर्ष असेल तर कलम ३७४ लागू होतं. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा, कारण निकालाच्या दिवशी ते गाडी घेऊन आलेले असतात आणि माणूस थेट घरी जात नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी, बहुधा मनोरुग्णालयात, ठेवण्याचा आदेश देतं किंवा जामीनकीवर नातेवाइकाच्या हवाली करतं. नातेवाइकाच्या हवाली करायचं असेल तर घरात कोण सांभाळणार, औषध कोण देणार, कुठल्या दवाखान्यात दाखवणार, हे लेखी तयार ठेवा. ज्या घरात खून झाला त्याच घरात तो परत जाणार असेल, तर कोर्ट ते फार बारकाईनं पाहतं, आणि पाहायलाच हवं.

आठवी पायरी: अपील

सत्र न्यायालयानं दोषी धरलं तर उच्च न्यायालयात अपील, कलम ४१५ खाली. जन्मठेपेविरुद्ध मुदत ६० दिवसांची, फाशी असेल तर ३० दिवसांची. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, आणि तुरुंगातला आरोपी तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो (कलम ४२४). शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा अर्ज कलम ४३० खाली. त्या अर्जासोबत चालू उपचारांचा ताजा अहवाल जोडा.

पहिल्या अपिलात उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्यानं तपासतं. म्हणून पेपरबुक (खटल्याच्या सगळ्या कागदांची एकत्र प्रत) हाती आलं की निकालपत्राआधी साक्षी वाचा. सत्र न्यायालयात बचाव नीट मांडला गेला नसला, तरी साक्षीदारांच्या बोलण्यात आजाराचे तुकडे विखुरलेले असतात: पंच म्हणतो 'तो हसत बसला होता', पोलीस म्हणतो 'आम्ही आधी त्याला दवाखान्यात नेलं'. हे तुकडे तारखेनं जुळवा. रेकॉर्डवर आधार असेल तर हा मुद्दा अपिलात पहिल्यांदा घेतला तरी कोर्ट ऐकतं.

रेकॉर्डवर काहीच नसेल आणि उपचारांचे कागद बाहेर पडून असतील, तर कलम ४३२ खाली जादा पुरावा घेण्याचा अर्ज. तो सरसकट मंजूर होत नाही. आधी का दिला नाही याचं खरं कारण सांगावं लागतं: आरोपी स्वतः आजारी होता, वकील मोफत मदतीतला आणि एकदाच भेटलेला, घरचे निरक्षर. खरं असेल तर ते स्पष्ट लिहा. कलम ४२७ खाली उच्च न्यायालय फेरखटल्याचाही आदेश देऊ शकतं. खटल्याच्या वेळी आरोपी बचाव करण्यास सक्षमच नव्हता आणि ती चौकशी झालीच नाही, असा मुद्दा असेल तर तोही मागा.

आरोपी सुटला असेल तर सरकार कलम ४१९ खाली आणि पीडिताचे वारस कलम ४१३ खाली अपील करू शकतात. तिथं तुमचं बळ वेगळं असतं. पुराव्यावरून दोन मतं शक्य असतील आणि सत्र न्यायाधीशांनी घेतलेलं मत वाजवी असेल, तर केवळ दुसरं मत पटतं म्हणून मुक्तता उलटवायची नाही, हा जुना आणि पक्का नियम. सिक्कीमच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयानं अशी मुक्तता उलटवली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मुक्तता पुन्हा कायम केली.

उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खालची अपिलाची विशेष परवानगी. तिथं पुन्हा पुराव्याचा कीस पाडला जात नाही, पण महत्त्वाचा पुरावा दोन्ही कोर्टांच्या नजरेतून सुटलाय हे दाखवता आलं तर दार उघडतं. वरचे २००२ आणि २०१८ चे निकाल तिथलेच आहेत.

फाशी झाली असेल तर

हा बचाव नाकारला गेला तरी आजाराचा मुद्दा संपत नाही. शिक्षा ठरवताना मानसिक आजार हे फाशी न देण्याचं कारण होऊ शकतं, आणि (२०२३) २ एससीसी ३५३ या निकालानंतर फाशीच्या प्रकरणांत आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल मागवणं अपेक्षित आहे. तो अहवाल सत्र न्यायालयातच मागा.

शिक्षेनंतर, तुरुंगात, आजार जडला असेल तर तिसरा काळ सुरू होतो. (२०१४) ३ एससीसी १ मध्ये मनोविकलता हे फाशीचं रूपांतर जन्मठेपेत करण्याचं कारण मानलं गेलं. (२०१९) ७ एससीसी १ मध्ये, आरोपीचं नाव न छापता 'एक्स' एवढंच लिहून, सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेनंतर उद्भवलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी रद्द केली. अशा कैद्याच्या बाबतीत कुटुंबानं दर भेटीनंतर वहीत दोन ओळी लिहाव्यात: ओळखलं का, काय बोलला, हात थरथरत होते का, कोणती गोळी चालू आहे. तारीख घाला, खाली सही करा, आणि वहीची एक प्रत वकिलाकडे ठेवा.